वाड्याबाहेरून पाहिलेल्या मालिका : एकता कपूर यांच्या कारकिर्दीचा विचार

नांदगाव खंडेश्वरला आमच्या वस्तीत दूरदर्शन संच आला त्याच्या पुष्कळ आधी आम्ही तो वाड्यात पाहत असू. 'वाड्यात' हा शब्द सवयीने आला. खरे म्हणजे वाड्याच्या बाहेरून. १९८७ साली रविवारी सकाळी रामायण लागले की मालक बैठकीत, त्यांचे आप्त ओसरीवर, गावातली इतर मंडळी अंगणात आणि आम्ही फाटकाजवळ, ही बसण्याची रीत कोणी न सांगता ठरलेली होती. पडदा एकच होता, पण त्याच्यापासूनचे अंतर ज्याच्या त्याच्या जन्माने मोजून दिलेले होते. मी तेव्हा नुकताच शिक्षक झालो होतो आणि माझ्या वर्गातली मुले माझ्या पुढे बसलेली मी पाहत होतो. ते अंतर आजही माझ्या डोळ्यांत आहे. एकता कपूर यांच्या मालिकांविषयी मी जे लिहिणार आहे ते त्याच अंतरावरून लिहिलेले आहे, हे वाचकांनी आधीच लक्षात घ्यावे.

आमच्या चळवळीतल्या लोकांनी मालिकांवर कधी गंभीरपणे लिहिले नाही. कथा, कविता, आत्मकथने यांवर आपण वाद घातले. नाटकांवर घातले, चित्रपटांवर थोडेफार लिहिले. पण रोज रात्री आपल्याच घरात, आपल्याच आया-बहिणींसमोर जे चालले होते त्याला 'बायकांचा फालतूपणा' म्हणून आपण मोकळे झालो. यात मी पहिला आहे. २००२ च्या सुमारास एका सभेत मनुस्मृतीवर दीड तास बोलून मी घरी आलो. पत्नी मालिका पाहत होती. मी संच बंद केला आणि जेवायला वाढ म्हटले. तिने वाढले. वाढता वाढता म्हणाली, "तुमच्या सभेत बाया मांगं बसतात. इथं बाई मधात बसते, अन् सारं घर तिचं आयकते. म्हनून पायतो आम्ही." मनुस्मृतीवर बोलून आलेला माणूस ताटावर गप्प बसला. हा लेख लिहायला मला वीस वर्षांहून अधिक काळ लागला, त्याचे एक कारण ते ताट आहे.

आता निमित्तही झाले आहे. 'क्योंकि सास भी कभी बहू थी' ही मालिका २९ जुलै २०२५ पासून पुन्हा सुरू झाली. पंचवीस वर्षांनी तोच वाडा, तीच तुलसी. तेव्हा या कारकिर्दीचा हिशेब मांडायला हरकत नाही.

एकता कपूर यांचा जन्म १९७५ चा, मुंबईचा. वडील जितेंद्र हे गिरगावच्या चाळीत वाढलेले. सिनेमावाल्यांना खोटे दागिने पुरवण्याचा त्यांच्या घरचा व्यवसाय होता. त्याच ओळखीतून ते व्ही. शांताराम यांच्याकडे पोहोचले आणि १९६४ च्या 'गीत गाया पत्थरों ने' मध्ये नायक झाले. म्हणजे बापाने चाळीतून बंगल्यापर्यंतचा प्रवास केला होता. मुलीने बंगल्यातून सुरुवात केली. १९९४ साली बालाजी टेलिफिल्म्स ही कंपनी उभी राहिली तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या होत्या. सुरुवातीच्या काही प्रयत्नांना यश आले नाही. पण अपयश पचवू शकेल असे घर पाठीशी होते. हे मी टोमणा म्हणून सांगत नाही. धंद्यात पहिली गोष्ट हुशारी नसते. पहिल्यांदा बुडाल्यावर दुसऱ्यांदा उभे राहता येते की नाही, ही असते. आमच्याकडे पहिल्यांदा बुडालेला माणूस सावकाराच्या वहीत जातो.

तरीही हे मान्य केले पाहिजे की बापाच्या पैशावर बसून खाणारी ही मुलगी नव्हती. चित्रवाणीचा धंदा तेव्हा पुरुषांचा होता. निर्माता पुरुष, दिग्दर्शक पुरुष, वाहिनीचा अधिकारी पुरुष. त्यात विशीतल्या मुलीने रोजच्या मालिकांचा कारखाना उभा केला. १९९५ मध्ये 'हम पाँच' आली. ३ जुलै २००० ला 'क्योंकि' सुरू झाली, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'कहानी घर घर की', पुढच्या वर्षी 'कसौटी जिंदगी की'. २००० सालीच कंपनीचे भाग शेअर बाजारात आले. 'क्योंकि' नोव्हेंबर २००८ पर्यंत चालली आणि तिचे १८०० वर भाग झाले. २०२० चा पद्मश्री आणि २०२३ मध्ये न्यूयॉर्कला आंतरराष्ट्रीय एमीचा मानाचा पुरस्कार, हे सर्व त्यांनी स्वतःच्या कामावर मिळवले. एका स्त्रीच्या कर्तृत्वाची ही नोंद आपण कंजूषपणा न करता घेतली पाहिजे. ती घेतल्यावरच पुढचे प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्याला मिळतो.

पहिला प्रश्न 'हम पाँच'च्या एका चौकटीविषयी आहे. त्या मालिकेत अशोक सराफ यांच्या घरात भिंतीवर मृत पहिल्या बायकोचे छायाचित्र लावलेले असे आणि ते छायाचित्र बोलत असे. त्या चौकटीत प्रिया तेंडुलकर होत्या. हसण्याची गोष्ट होती, आम्हीही हसलो. पण प्रिया तेंडुलकर म्हटले की आमच्या पिढीला १९८५ ची 'रजनी' आठवते. दूरदर्शनवरची ती रजनी घराबाहेर पडत असे. दुकानदाराला, कारकुनाला जाब विचारत असे. दहा वर्षांत तीच अभिनेत्री भिंतीवरची तसबीर झाली होती. यात कोणाचा कट होता असे मी म्हणत नाही. पण भारतीय चित्रवाणीचा पुढचा सगळा प्रवास मला त्या एका चौकटीत दिसतो. सरकारी दूरदर्शनच्या दोषांची यादी मोठी आहे. तरी 'नुक्कड' मध्ये रस्त्याचा कोपरा होता, 'रजनी' मध्ये कचेरी होती. खाजगी वाहिन्यांच्या मालिकांनी रस्ता आणि कचेरी दोन्ही बंद केली आणि कॅमेरा दिवाणखान्यात आणून ठेवला. घराबाहेर पडणारी बाई तसबिरीत गेली आणि घरात राहणारी बाई नायिका झाली.

दुसरा प्रश्न त्या शीर्षकाविषयी. 'कारण सासूसुद्धा कधीतरी सून होती.' वरवर पाहता यात समजूतदारपणा आहे. सुनेने सासूला समजून घ्यावे, सासूने आपले दिवस आठवावेत. पण नीट वाचा. आज तू सोसतेस, उद्या तुझीही पाळी येईल, तेव्हा तुझ्या हाताखाली कोणीतरी असेल. तोवर थांब. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. साध्या विषमतेत खालचे सगळे एक होऊन वरच्यांवर उठू शकतात. श्रेणीबद्ध विषमतेत प्रत्येकाच्या खाली कोणीतरी असतो, म्हणून प्रत्येकाला ती व्यवस्था टिकवण्यात थोडासा स्वार्थ असतो. त्या शीर्षकात ही श्रेणीबद्धता घराच्या चार भिंतींत आणून बसवली आहे. सून सोसते, कारण तिला सासू व्हायचे आहे. विद्रोहाची गरजच उरत नाही. काळ सगळ्यांना वरच्या पायरीवर नेणार आहे.

सगळ्यांना? माझी आई तेव्हा ऐंशीच्या घरात होती. तिने आयुष्यभर दुसऱ्याच्या वावरात निंदण केले, कापूस वेचला, सणासुदीला वाड्यावरची भांडी घासली. वस्तीतल्या संचासमोर ती एकदा बसली. वीरानींचे घर, दागिन्यांनी लगडलेल्या बाया, पूजा, आरत्या, एकामागून एक चेहरे. बराच वेळ पाहून तिने सुनेला विचारले, "हे बाई एवढी मोठी, पन हिच्या घरचे भांडे कोन घासते वं?" सगळ्या बाया हसल्या. मीही हसलो. आज वाटते, त्या मालिकेवरची सर्वांत नेमकी समीक्षा तेवढीच होती. भांडी घासणारी बाई कधीच सासू होत नाही. तिच्यासाठी काळ पुढे सरकत नाही. कित्येक वर्षांची उडी मारून कथा पुढे गेली, तरुण म्हातारे झाले, मेलेले परत आले. तिची पायरी मात्र तीच राहिली. अशा मालिकांत नोकर असतो तेव्हा त्याला नाव असते, आडनाव नसते. त्याला घर नसते, लेकरू आजारी पडत नाही, पगार वाढवून मागण्याचा दिवस येत नाही.

यावर कोणी म्हणेल, तुलसी तरी कुठे श्रीमंत होती? ती गरीब घरची होती, श्रीमंतांच्या घरात सून म्हणून आली, तिने तिथे आपले स्थान मिळवले. खरे आहे. पण ती कोणत्या गरिबाची मुलगी होती? पुरोहिताची. गरिबी चालेल, पण जन्म शुद्ध हवा, ही अट तिथे न बोलता पाळली गेली. मोलकरणीची मुलगी त्या उंबरठ्यावरून सून म्हणून आत येण्याची कल्पना आठ वर्षांत आणि १८०० भागांत सुचली नाही.

बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात जातीच्या उत्पत्तीवर जो निबंध वाचला तो आपल्या तरुणांनी या मालिका समोर ठेवून पुन्हा वाचावा. जात म्हणजे बंदिस्त वर्ग आणि त्याला बंदिस्त ठेवणारी यंत्रणा म्हणजे गटांतर्गत विवाह, हे त्याचे सूत्र. गटात स्त्री-पुरुषांची संख्या जुळली पाहिजे. नवरा मेला की बायको 'अतिरिक्त' ठरते. ती गटाबाहेर लग्न करील किंवा गटातल्या दुसरीचा वर पळवील, ही भीती. म्हणून सती, म्हणून सक्तीचे वैधव्य, म्हणून बालविवाह. एकता कपूर यांच्या मालिकांचा सगळा पेच याच अतिरिक्त स्त्रीभोवती फिरतो, हे पाहून मी चकित झालो. नवरा मेला, आता हिचे काय? नवऱ्याने दुसरे लग्न केले आणि पहिली परत आली, आता दोघींपैकी कोणाचे काय? खलनायिका म्हणजे तरी कोण? गटात जागा न मिळालेली बाई. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. या मालिकांनी विधवेचे, घटस्फोटितेचे पुन्हा लग्न लावले, एकदा नव्हे अनेकदा. मनूने जे नाकारले ते त्यांनी दिले. पण वर शोधला तो त्याच वर्तुळात. फासा थोडा सैल केला, वर्तुळ तोडले नाही. बाबासाहेबांनी यंत्रणा उघडी करून दाखवली. मालिकेने तीच यंत्रणा रात्री साडेदहाला करमणूक म्हणून चालवून दाखवली.

याउलट आमचा इतिहास काय सांगतो? २० जुलै १९४२ ला नागपूरला अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. अध्यक्षा होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. हजारो बाया आल्या होत्या. त्यात गिरणीत काम करणाऱ्या, विड्या वळणाऱ्या होत्या. त्यांनी काय मागितले? घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, कामकरी बाईला रजा. 'माझी पाळी येईल तोवर सोसते' असे त्यातली एकही म्हणाली नाही. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी या बायांचा इतिहास खेडोपाडी फिरून गोळा केला म्हणून तो आपल्याला ठाऊक तरी आहे. हिंदू कोड बिल रखडले म्हणून १९५१ साली कायदामंत्र्याने राजीनामा दिला, हा इतिहास स्त्रीच्या हक्कांचा आहे. त्या हक्कांवर उभ्या असलेल्या मालिकेतल्या बाईला त्याची आठवण एकदाही होऊ नये, हे केवळ विस्मरण नाही. ज्यांच्या घरात ते हक्क लढून मिळवावे लागले नाहीत त्यांनी लिहिलेली ही गोष्ट आहे.

आता धंद्याकडे येतो. मालिकेचे अर्थकारण आपण समजून घेतले नाही तर आपली टीका केवळ नीतीचा उपदेश होईल. निर्माता वाहिनीला मालिका भागाच्या हिशेबाने देतो. वाहिनी जाहिराती विकते. जाहिरातीचा दर किती लोक पाहतात यावर, आणि लोक किती पाहतात हे काही निवडक घरांत बसवलेल्या यंत्रांवर. ती यंत्रे कोणाच्या घरात होती? 'क्योंकि' गाजत होती त्या काळात ती शहरांत होती. ग्रामीण भाग मोजणीत आला तो २०१५ मध्ये, 'बार्क'च्या नव्या पद्धतीने. म्हणजे २००० ते २००८ या काळात नांदगाव खंडेश्वरच्या बायांनी भारनियमनातून उरलेल्या विजेवर ज्या मालिका पाहिल्या, ते पाहणे कोणत्याच वहीत लिहिले गेले नाही. आम्ही पाहिले आणि ते मोजले गेले नाही. ज्याची नोंद नाही, दाम नाही, अशा कामाला आमच्याकडे जुना शब्द आहे : वेठ. ज्यांचे पाहणे मोजले जात होते ते शहरातले, खरेदी करू शकणारे घर होते; त्या घराला आरशात जसे दिसायला आवडेल तसा वाडा उभा राहिला. एकता कपूर यांनी तो आरसा अचूक घडवला. त्यांची व्यावसायिक बुद्धी ती हीच. २००४ मध्ये स्टारने त्यांच्या कंपनीत हिस्सा घेतला, २०१७ मध्ये रिलायन्सने ४१३ कोटींना २४.९ टक्के हिस्सा घेतला. मोठे भांडवल आरशाची किंमत ओळखते.

पण मोजले गेलो नाही म्हणून आम्ही बाहेर राहिलो असे झाले नाही. वेठीने पाहिलेले सुद्धा मनात उतरते. आमच्या वस्तीत बौद्ध पद्धतीने लग्ने लागत आली. पांढरी वस्त्रे, त्रिशरण-पंचशील, तासाभरात मंगल परिणय. २००५ नंतर हळूहळू त्याच मंडपात मेंदीची रात्र आली, संगीत आले, अमरावतीच्या बाजारातून 'पार्वतीची साडी' आली. करवा चौथ हा शब्द वऱ्हाडात कोणाला ठाऊक नव्हता. आमच्या गल्लीतली एक सून चाळणीतून चंद्र पाहू लागली. कर्ज काढून. १९५६ ला आजोबांनी जे देव विहिरीत टाकले ते मागच्या दाराने नव्हे, पडद्याच्या दाराने परत आले. आम्ही कार्यकर्ते त्या सुनेला हसलो, रागावलो. तिला दुसरे काही सुंदर दाखवले का, हा प्रश्न आम्ही स्वतःला विचारला नाही. आपल्या धम्मात आनंदाचा सोहळा कसा असावा याची कल्पना आपण तिला दिली नाही. भाषणे दिली.

'पवित्र रिश्ता' चा उल्लेख केल्याशिवाय वऱ्हाडातल्या माणसाला पुढे जाता येत नाही. २००९ ते २०१४ चाललेली ही मालिका मूळ तमिळ मालिकेवरून घेतलेली, पण तिच्यात मुंबईच्या चाळीतली मराठी माणसे होती. उषा नाडकर्णी, सविता प्रभुणे यांच्यासारख्या कसलेल्या मराठी अभिनेत्रींना तिने देशभर नेले. नायक गॅरेजमध्ये काम करणारा मेकॅनिक. हिंदी मालिकेत हाताला ग्रीस लागलेला नायक, ही साधी गोष्ट नव्हती आणि तिचे श्रेय दिले पाहिजे. पण त्याचे आडनाव काय? देशमुख. आमच्या भागात देशमुख म्हणजे परगण्याचे वतन. ते आडनाव उच्चारले की मागे वाडा उभा राहतो. आडनावात दोष आहे असे मी म्हणत नाही. आमच्याच तालुक्यातल्या पापळला १८९८ साली जन्मलेल्या पंजाबराव देशमुखांनी अमरावतीच्या अंबादेवीचे दार अस्पृश्यांना उघडावे म्हणून १९२७-२८ मध्ये लढा दिला. ते आडनाव आम्हाला परके नाही. प्रश्न निवडीचा आहे. मुंबईच्या चाळींत कांबळे राहत होते, मेश्राम राहत होते, जाधव, वानखडे राहत होते. त्यांच्यातलेही गॅरेजमध्ये काम करत होते. नायकाला गरिबी द्यायची पण आडनाव वतनाचे द्यायचे, म्हणजे प्रेक्षकाला हळूच सांगायचे की घाबरू नका, हा आपलाच आहे. बाबुराव बागुलांच्या १९६३ च्या संग्रहाचे नाव 'जेव्हा मी जात चोरली होती'. त्यांच्या माणसाने जगण्यासाठी जात चोरली होती. चित्रवाणीने आमच्या जाती चोरल्या त्या आम्ही दिसू नये म्हणून.

हे या निर्मातीला जमलेच नसते असेही नाही. २०१० मध्ये त्यांच्याच चित्रपट कंपनीने दिबाकर बॅनर्जींचा 'लव्ह सेक्स और धोखा' काढला. त्यातल्या पहिल्या गोष्टीत पळून जाऊन लग्न केलेल्या दोघांना मुलीच्या घरचे लोक मारून टाकतात. तो प्रसंग मी पाहिला तेव्हा मला रात्रभर झोप आली नाही. म्हणजे खानदान, इज्जत, घर यांच्या आत काय दडलेले असते हे त्या कंपनीला ठाऊक होते. शहरातल्या चित्रपटगृहात शंभर रुपये देणाऱ्याला ते दाखवले. घराघरात मात्र खानदानाची आरती चालू राहिली. एकाच हाताने दोन्ही केले याला काही जण धाडस म्हणतील. मी याला बाजाराची वाटणी म्हणतो. सत्य एका गिऱ्हाइकाला, सांत्वन दुसऱ्या गिऱ्हाइकाला.

आईपणाची महती गाणाऱ्या या मालिका चालू होत्या त्याच काळात, २९ सप्टेंबर २००६ ला, भंडारा जिल्ह्यात खैरलांजी घडले. सुरेखा भोतमांगे ही सुद्धा आई होती. ती आपल्या जमिनीसाठी ठाम उभी राहिली, मुलीला आणि मुलांना शिकवत होती. तिच्यासह तिची तीन लेकरे मारली गेली. त्यागमूर्ती आईवर हजारो भाग खर्च करणाऱ्या सृष्टीत अशा आईला जागा मिळाली नाही. आणि उद्योजिका म्हणावे तर अकोला जिल्ह्यातल्या रोपरखेड्याच्या कल्पना सरोज आहेत. हवालदाराची मुलगी, बाराव्या वर्षी लग्न, मुंबईच्या झोपडपट्टीत सासरचा छळ. बापाने परत आणले, गावाने टोचले, मरणाच्या दारातून परतल्या, मुंबईत शिलाईचे काम केले, पुढे बुडालेली कमानी ट्यूब्ज ही कंपनी कामगारांसाठी उभी केली. २०१३ ला पद्मश्री. एकता कपूर आणि कल्पना सरोज दोघी उद्योजिका, दोघींना एकच पदवी. एकीने सासू-सुनेची गोष्ट विकून साम्राज्य उभारले. दुसरी ती गोष्ट अंगावर सोसून, उंबरठा ओलांडून बाहेर पडली. बालाजीच्या रात्रीच्या वाड्यात मला दुसरी कधी दिसली नाही, कारण तिची गोष्ट सांगायची तर सुनेने घर सोडले पाहिजे, आणि सुनेने घर सोडले की मालिका संपते.

पडद्यावर आपण आलोच नाही का? आलो. १८ मे २०१९ पासून स्टार प्रवाहवर दशमी क्रिएशन्सची 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' ही मालिका आली. डिसेंबर २०१९ पासून अँड टीव्हीवर 'एक महानायक' आली. तिच्या निर्मात्या स्मृती सुशीलकुमार शिंदे, सोलापूरच्या घरातल्या. आमच्या वस्तीत त्या वेळेला रस्ता ओस पडत असे. म्हाताऱ्यांनी पडद्याला हात जोडलेले मी पाहिले. शाळेत पाणी वरून ओतले जाते तो प्रसंग पाहून माझ्या नातवाने विचारले, "आबा, तुमच्याबी संगं असं झालं होतं काय?" आणि मी त्याला फाटकाजवळची गोष्ट पहिल्यांदा सांगितली. एवढे काम त्या मालिकांनी केले आणि त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण समीक्षक म्हणून हेही सांगतो की त्यांचे व्याकरण वाड्याच्याच मालिकांचे होते. तेच चेहऱ्यावर थांबणारे कॅमेरे, तेच दणकणारे संगीत, तोच चमत्कारी बालक. शिवाय इतिहासातला आमचा महापुरुष त्यांना चालतो. आजची आमची नर्स, शिक्षिका, अंगणवाडी सेविका, भाड्याने खोली शोधणारी मुलगी अजून चालत नाही. महापुरुषाला हात जोडून प्रेक्षक मोकळा होतो. शेजारणीला मात्र वागवावे लागते.

हे सगळे मी आज लिहितो त्याला एक ताजे कारण आहे. माझी एक जुनी विद्यार्थिनी, आमच्याच वस्तीतली, मुंबईला मालिकेच्या लेखन विभागात साहाय्यक आहे. कंपनीचे नाव सांगण्याचे कारण नाही. तिने एका बैठकीत सुचवले की घरकाम करणाऱ्या पात्राला आडनाव द्यावे, तिचे घर एकदा तरी दाखवावे. तिला सांगण्यात आले, "आडनाव आले की वाद येतो. तिला फक्त मावशी राहू दे." फोनवर ती म्हणाली, "सर, मी तिथं माझं स्वतःचं आडनाव लावत नाही. खोली मिळताना त्रास झाला तेव्हापासून. आता मीच तिचं आडनाव पुसते आहे. नोकरी सोडू का?"

चळवळीतल्या जुन्या सवयीने माझ्या तोंडावर 'सोड' हा शब्द आला होता. नकार ही आमची पहिली भाषा आहे आणि तिचा मला अभिमान आहे. पण त्या क्षणी पत्नीचे ताटावरचे वाक्य आठवले. ज्या घरात बाई मध्ये बसते ते घर बायांना हवेच आहे. ते आम्ही बांधले नाही, एकता कपूर यांनी बांधले. त्यांच्या घरात आमची बाई भांडी घासते यासाठी त्यांना दोष देणे सोपे आहे. त्या स्वतःच्या वर्गाची, स्वतःच्या अनुभवाची गोष्ट सांगत होत्या आणि ती विकण्याचे कसब त्यांच्याकडे होते. आमची गोष्ट त्यांनी सांगावी ही अपेक्षाच मुळी वाड्याच्या फाटकाजवळ बसणाऱ्याची आहे. भांडवल, कॅमेरा, लेखणी आणि रात्रीची वेळ हाती असल्याखेरीज गोष्ट आपली होत नाही.

मी तिला सांगितले, "सोडू नकोस. काम पक्के शीक. भाग कसा लिहितात, खर्च कसा मांडतात, वाहिनीला काय विकतात, सगळे शीक. मावशीचे आडनाव आज वहीत लिहून ठेव. पण तुझे आडनाव मात्र उद्यापासून लाव." ती गप्प राहिली. मग म्हणाली, "खोली गेली तर?"

या प्रश्नाचे उत्तर एकट्या मुलीने द्यायचे नसते. ते वाचकांनो, आपण द्यायचे असते. आपल्या संघटनांचे मुंबईत वसतिगृह असावे, आपल्या उद्योजकांनी सभामंडपाबरोबर एखाद्या मालिकेवरही पैसा लावावा, आपल्या शिक्षकांनी मुलींना निबंधाबरोबर संवाद लिहायला शिकवावे. आपली नियतकालिके आपणच पदरमोड करून काढली, कारण प्रस्थापितांच्या मासिकांत आपल्याला जागा नव्हती. पडद्याबाबत तो हिशेब अजून व्हायचा आहे. माझी आई गेली. तिचा प्रश्न उरला आहे. त्या घरची भांडी घासणाऱ्या बाईला नाव, आडनाव आणि घर देणारी गोष्ट तिच्याच नातीने लिहिली पाहिजे, आणि ती वस्तीतल्या बायांनी मध्ये बसून पाहिली पाहिजे. मीही पाहीन. त्या रात्री ताट मी वाढीन.